कादिरचा हायबँकर

कादिरचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. सौदीच्या किनाऱ्यावरच्या थुवालच्या होड्या फजरच्या नमाजानंतर समुद्रात जात, आणि त्याआधी बर्फ फोडून पेट्यांत भरलेला लागे. बर्फाच्या कारखान्यातलं यंत्र गार ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा एक पंप होता. तो रात्रीतून हवा धरायचा. त्याला आधी वरून पाणी पाजायचं, मग चाक हाताने फिरवून बघायचं, मग बटण दाबायचं. हा क्रम ज्यांना कंटाळवाणा वाटला त्यांनी पंप जाळले. कादिरने इतक्या वर्षांत एकदाही क्रम मोडला नाही. त्याच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर तो सौदीत कामाला होता त्या अरब मालकाने, त्याच्या हाती कारखान्याच्या पिकअपची किल्ली दिली होती ती याच कारणाने.

थुवालमध्ये सगळे त्याला गरीब स्वभावाचा म्हणत. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर असलेला सांगलीचा प्रसाद म्हणायचा, कादिरभाईला मुंगी चावली तर हे आधी मुंगीची विचारपूस करतील. प्रसादचं निदान साफ चुकलेलं होतं. कादिर एका माणसावरचा राग घेऊन सौदीत आला होता, आणि तो राग त्याने पंपाइतकाच नीट सांभाळला होता.

कादिर राजापूरच्या झारेकऱ्यांच्या घरातला. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणि भट्टीची राख विकत घेऊन धुणारे लोक. घडवताना, घासताना सोन्याचे बारीक कण उडतात ते त्या धुळीत असतात. कादिरचे वडील हुसेनमियाँ ती धूळ जाळायचे, कुटायचे आणि ओढ्यात बसून लाकडी काठवटीत घोळवून घोळवून धुवायचे. पोतंभर राखेतून नखावर मावेल एवढं निघे. पाय पाण्यात, पाठ उन्हात, असं त्यांचं आयुष्य गेलं. निघालेल्यातलं थोडं थोडं बाजूला ठेवून, तेजाबात शुद्ध करून, त्यांनी मुलीसाठी दोन पाटल्या केल्या. मुलीचं नाव साबिरा.

साबिराची मंगनी राजापुरातल्याच, दोन आळ्या पलीकडच्या शारीकशी ठरली. शारीकचा थोरला भाऊ जमालुद्दीन तेव्हा रजेवर आलेला होता. अल-खोबरच्या सोनेबाजारात अरबाच्या नावाचं एक दुकान तो चालवायचा, आणि दुसरे लोक खिशात कंगवा ठेवतात तसा हा कसोटीचा दगड ठेवायचा. मंगनीच्या दिवशी भर मांडवात त्याने साबिराच्या हातातली एक पाटली उतरवून घेतली, दगडावर घासली, त्यावर तेजाबाचा थेंब टाकला आणि शेवटच्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झाऱ्याचं सोनं हे. कस नाही याला. दहा सोनारांच्या पायाखालची धूळ आमच्या घरात नको."

पानं वाढलेली होती. ती तशीच उचलली गेली.

महिन्याभरात शारीकचं लग्न चिपळूणकडच्या एका बोटमालकाच्या मुलीशी लागलं. साबिराचं कुठेच जमलं नाही. ती ज्या घरी दाखवली जाई त्या घरी धुळीची गोष्ट आधीच पोचलेली असे. हुसेनमियाँनी दोन्ही पाटल्या कोल्हापूरला नेऊन मोडल्या. तिथे सोनार काय बोलला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन त्यांनी काठवट उलटी घातली, ते तिच्यावर बसून विड्या ओढू लागले, आणि फार जगले नाहीत.

कादिर तेव्हा विशीतला होता. त्याने शपथ घेतली. कुठल्याही सोनाराच्या उंबऱ्याला न लागलेलं, थेट धरतीच्या पोटातून काढलेलं सोनं आणायचं, त्याच्या पाटल्या साबिराच्या हातात घालायच्या, आणि हे सोनं चोख आहे असं जमालुद्दीनच्याच तोंडून वदवून घ्यायचं. दुकानातून विकत घेतलेलं सोनं त्याला चालणार नव्हतं. दुकानदार म्हणजे जमालुद्दीनचीच जात. शपथेच्या तळाशी आणखी एक खडा होता, तो मात्र त्याने कधी कुणाला दाखवला नाही. बाबांनी खरंच काही मिसळलं असेल का? पाटल्या वितळल्या होत्या. विचारायचं कुणाला?

थुवालला आल्यावर सात वर्षं शपथ नुसती शपथच राहिली. समुद्रकाठी सोनं कुठलं? मग एक दिवस वॉल्टर नावाचा अमेरिकी बर्फ घ्यायला आला. रस्त्याच्या कामावरचा इंजिनीअर, वय झालेला, हातावर खरचटल्याच्या खुणा. त्याच्या गाडीत मागे एक छोटा पंप बंद पडून पडला होता. कादिरने तो उघडला. पंखा वाळूने झिजला होता. तो बदलून देताना त्याची नजर पंपाखालच्या वस्तूकडे गेली. ॲल्युमिनियमची पन्हळ, तिला चार घडीचे पाय, वरच्या टोकाला जाळीची टोपली, आणि पन्हळीच्या तळाला खडबडीत गालिच्यासारखं काहीतरी, त्यावर आडव्या पट्ट्या.

कादिरने कधी असलं काही पाहिलं नव्हतं, तरी ते काय आहे हे त्याला लगेच कळलं. बापाची काठवट कुणीतरी लांब करून पायांवर उभी केली होती.

वॉल्टरने नाव सांगितलं, हायबँकर. नदीचा काठ उंच असला तरी हा वर काठावर उभा राहतो, पंप खालून पाणी देतो, म्हणून ते नाव. टोपलीत रेती टाकायची. पाण्याने ती पन्हळीतून वाहत जाते. हलकं ते पुढे निघून जातं, जड ते पट्ट्यांच्या मागे बसतं. आणि सोन्यासारखं जड दुसरं काय असतं? वॉल्टर दर शुक्रवारी डोंगरातल्या एका वादीत जायचा. वादी म्हणजे कोरडी नदी, पाऊस झाला तर दोन दिवस वाहणारी. सोनं त्याला फारसं मिळायचं नाही, आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. हा त्याचा छंद होता. छंदासाठी कुणी इतकं राबतं हे कादिरला आवडलं. त्या दिवसापासून शुक्रवारी तो वॉल्टरबरोबर जाऊ लागला.

प्रसादला या शब्दाची फार मजा वाटली. बँकर म्हणजे बँकवाला, हायबँकर म्हणजे मोठा बँकवाला. शनिवारी चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर तो विचारायचा, "काय कादिरभाई, काल हायबँकर काय म्हणाला? खातं उघडलं का?" ऐकणारे हसायचे. ज्यांना माहीत नव्हतं ते हसायचे नाहीत, लक्षात ठेवायचे.

ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. हिवाळ्यापर्यंत गोऱ्यांची कुटुंबं निघून गेली, आणि जानेवारीच्या सुरुवातीला वॉल्टरलाही निघायचा निरोप आला. त्याच्याकडे दोन हायबँकर होते. एक छोटा ॲल्युमिनियमचा, आणि एक पोलादी, दुप्पट लांब, मोठ्या पंपाचा. त्यातला एक कादिरने घ्यावा असं तो म्हणाला. कादिरने फुकट घ्यायला नकार दिला. शपथेच्या कामात खैरात नको होती. ठरलं असं की वॉल्टरच्या घरचं सगळं सामान कादिर लाकडी खोक्यांत बांधून देईल. त्याने ते असं बांधलं की काचेचा पेलासुद्धा अमेरिकेत शाबूत उतरावा.

निवडायच्या दिवशी कादिरने आधीच ठरवून ठेवलं होतं, लांबच घ्यायचा. पन्हळ जितकी लांब तितकं सोनं जास्त अडकणार, हा त्याचा सरळ हिशेब. वॉल्टर हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. दोन्ही वादीत घेऊन चल, एवढंच म्हणाला.

लांब हायबँकर गाडीतून खड्ड्यापर्यंत न्यायला दोघांना तीनदा टेकावं लागलं. मोठा पंप सुरू झाला आणि पिंपातलं पाणी असं प्यायला लागला की घमेलंभर रेती धुवून व्हायच्या आत तळ दिसला. वाहून गेलेलं पाणी टबात धरून पुन्हा फिरवावं, तर तेवढ्या जोरात माती खाली बसायला वेळच मिळेना. पाण्याचा चिखल झाला, चिखलाने पट्ट्या भरल्या, आणि पट्ट्या भरल्या की पन्हळ कितीही लांब असो, सोनं वरून निघून जातं. कादिरने खिशातून शिशाचा कीस काढला, कारखान्यातून मुद्दाम आणलेला, आणि टोपलीत टाकला. शिसं सोन्याइतकं नाही, पण रेतीपेक्षा कितीतरी जड. निम्मा कीस खालच्या टोकातून बाहेर पडला.

मग छोटा लावला. एका खांद्यावर येईल एवढा. पंप लहान, धार सौम्य, टबातलं पाणी निवळायला सवड मिळत होती. शिशाचा कीस टाकला तो पहिल्या तीन पट्ट्यांच्या मागे बसला, हलला नाही.

"सोन्याकडे बघून निवडायचं नाही," वॉल्टर म्हणाला. "तुझ्याकडे पाणी किती आहे ते बघून निवडायचं."

कादिरने छोटा घेतला. त्याला आपल्या हिशेबाची लाज वाटली नाही, राग आला. लांब पन्हळीचा हट्ट त्याचा नव्हता, त्याच्या आतल्या सूडाचा होता. सूडाला सगळंच मोठं हवं असतं.

वॉल्टर गेला आणि आठवड्याच्या आत लढाई पेटली. जिद्दाहून उडणारी अवजड विमानं पहाटे थुवालवरून जायला लागली. पूर्वेकडे धाहरान, अल-खोबरवर क्षेपणास्त्रांचे भोंगे वाजायला लागले. तिकडची माणसं गाड्यांवर गाद्या बांधून वाळवंट ओलांडत पश्चिमेला आली. त्यात कोकणी माणसंही होती. जिद्दात कोकणी खानावळींत झोपायला जागा उरली नाही.

अशाच एका दुपारी बर्फाच्या कारखान्याच्या दारात टॅक्सी थांबली. उतरणाऱ्या माणसाचा शर्ट पांढरा, इस्त्रीचा, आणि चाल जरा अवघडलेली, कमरेला काही जड बांधल्यासारखी. बोलता बोलता त्याचा अंगठा वरच्या खिशावरून फिरत होता. कादिरने तो अंगठा ओळखला. मांडवात पाटली उतरवून घेतली होती ती याच अंगठ्याने. जमालुद्दीनने मात्र कादिरला ओळखलं नाही. झारेकऱ्याच्या पोराकडे त्याने तेव्हाही कुठे पाहिलं होतं?

"सलाम अलेकुम, कादिरशेठ," जमालुद्दीन म्हणाला. "तुमचं नाव जिद्दापर्यंत ऐकलं."

कादिरने त्याला खुर्ची दिली. जमालुद्दीनने पहिला प्रश्न केला तो कोकणी माणूस करतोच. कुठले, कोणाचे?

"राजापूरकडचा. नदीच्या पलीकडच्या काठाचा."

"म्हणजे आपलेच." जमालुद्दीन खुर्ची ओढून जवळ आला. त्याने खोबरच्या रात्रींचं वर्णन केलं, विषारी वायूच्या भीतीने ओल्या फडक्याने दाराच्या फटी कशा बुजवल्या ते सांगितलं, आणि मग आवाज खाली आणला. जवळ थोडा माल आहे, म्हणाला. विमानतळावर दाखवण्यासारखा नाही, खानावळीत ठेवण्यासारखा नाही. आणि ऐकलंय की कादिरशेठच्या हातात एक इंग्रज हायबँकर आहे.

कादिर हसला नाही. त्याने पंपाच्या पट्ट्याचा ताण बोटाने दाबून बघितला. मग म्हणाला, "आहे."

"सोनं घेतो?"

"सोन्याशिवाय दुसरं काही ठेवूनच घेत नाही. बाकी सगळं परत करतो."

"खात्रीचा?"

"आजवर माझा एक कण खाल्ला नाही."

"त्याचं स्वतःचं काही असेल ना? साहेब लोक. पिणंबिणं?"

"पितो. पण पाणीच."

जमालुद्दीनला हे फार आवडलं. असली माणसं आता राहिली नाहीत, म्हणाला. कधी भेटेल, कुठल्या हॉटेलात? कादिरने सांगितलं की तो शहरात येत नाही, डोंगरात असतो. जमालुद्दीनच्या कपाळावर आठी पडली.

"ताईफच्या डोंगरात कुवेतचं पळून आलेलं अख्खं सरकार बसलंय," कादिर म्हणाला. "मग बँकर का नसावा? शुक्रवारी पहाटे या. कसोटी बरोबर आणा. घासून दाखवावं लागेल."

शुक्रवारी पिकअपमध्ये मागे पाण्याची पिंपं, टब, फावडी आणि ताडपत्रीखाली झाकलेला हायबँकर, आणि पुढे जमालुद्दीन, तेच इस्त्रीचे कपडे, अत्तर लावलेलं. हमरस्त्यावर तपासणी होती. जमालुद्दीन घामाघूम झाला. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, खोबरचा कफील, आणि कफीलच्या चिठ्ठीशिवाय तो देशाच्या दुसऱ्या टोकाला हिंडत होता. शिपाई कादिरला ओळखायचा. रोज मासळी आणि बर्फ त्याच्यासमोरूनच जायचा. कादिर म्हणाला, माझ्या कामाचा माणूस आहे. शिपायाने हात हलवला. यल्ला, निघा.

वादीत पोचल्यावर कादिरने सवयीने एकेक वस्तू मांडली. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाण्याचा जोर कमी होऊन जड माल बसतो, तिथे खड्डा धरला. पन्हळीचे पाय रोवले, उतार हाताने तपासला, टब खाली लावला, पंपाला पाणी पाजलं. जमालुद्दीन रुमालाने मान पुसत लांबच्या रस्त्याकडे बघत होता.

"केव्हा येणार साहेब?"

"आलाय," कादिर म्हणाला. "तुमच्यासमोर उभा आहे. चार पायांवर."

जमालुद्दीनने पन्हळीकडे पाहिलं, कादिरकडे पाहिलं, पुन्हा पन्हळीकडे पाहिलं.

"आणि पलीकडच्या काठाचा म्हणालो ते खोटं होतं. मी अलीकडच्याच काठाचा. हुसेनमियाँ झारेकऱ्याचा मुलगा. साबिराचा भाऊ."

जमालुद्दीन खडकावर बसला. त्याचे दोन्ही हात आपोआप कमरेकडे गेले.

"कमरेचं कमरेलाच राहू दे," कादिर म्हणाला. आता त्याच्या तोंडी तुम्ही राहिलं नव्हतं. "दुकानातलं आहे ते. मी त्याला बोट लावणार नाही. फावडं घे."

जमालुद्दीनने पोलिसांचं नाव काढलं. कादिर म्हणाला, खुशाल बोलव. ते आधी विचारतील, कफीलला सोडून इथे कसा. मग विचारतील, कमरेला काय. तपासणीच्या नाक्यावरून तुला परत नेऊ शकेल असा माणूस या वादीत एकच आहे. जमालुद्दीनने सगळ्या बाजूंनी डोंगर बघून घेतले आणि फावडं उचललं.

वरचा हातभर थर नुसती रेती. त्यात काही नसतं, पण तो काढल्याशिवाय खाली जाता येत नाही. कादिरने तो त्यालाच काढायला लावला. चिमट्याने खडे उचलणारे हात, पहिल्या तासात सोलले. तो फावडं अर्धं भरायचा आणि इकडेतिकडे बघत टाकायचा. कादिर ते परत खड्ड्यात लोटायचा. "भरून घे. अर्धं फावडं म्हणजे तेवढीच वाकणूक आणि निम्मं काम." मग त्याने एकदम दोन घमेली टोपलीत ओतली, जाळी तुंबली, पाणी बाहेर उडालं. कादिरने पंप बंद करून त्याला जाळीतले दगड हाताने वेचायला लावले. थोडं थोडं, सारखं, धार तुटू न देता टाकायचं, हे शिकायला जमालुद्दीनला दुपार लागली. पाणी कादिरने त्याला स्वतःइतकंच दिलं, भाकरीही अर्धी अर्धी केली. दुपारच्या जोहरच्या नमाजाला दोघे एकाच ताडपत्रीवर उभे राहिले. छळायचं नव्हतं. काम करून घ्यायचं होतं.

तरी एकदा, जमालुद्दीन खड्ड्यात पाठमोरा वाकलेला असताना, कादिरच्या मनात आलं की पंप आणि पन्हळ उचलावी, गाडी सुरू करावी आणि निघून जावं. इथून रस्त्यापर्यंत पायी कुणी पोचत नाही. हे त्याला भीतीदायक वाटायला हवं होतं. वाटलं नाही, गोड वाटलं. त्याने ते मनातून काढलं ते दयेपोटी नाही. मेलेला माणूस कस सांगत नाही.

सावल्या लांबल्या तेव्हा त्याने पंप बंद केला. पट्ट्या उचलल्या, खालचा गालिचा बादलीत खळबळून धुतला, आणि तळाला बसलेली काळी रेती परातीत घेतली. उकिडवं बसून, बापासारखी परात घोळवत, त्याने काळी रेती कडेकडेने सोडून दिली. शेवटी तळाला एक पिवळी रेघ राहिली. कोळशाच्या तुकड्यावर खळगा करून त्यात ते कण घातले, चिमूटभर टाकणखार टाकला आणि कारखान्यातून आणलेल्या गॅसच्या ज्योतीने तापवलं. कण जवळ आले, थरथरले, आणि त्यांचा बाजरीच्या दाण्याएवढा मणी झाला.

"घास," कादिर म्हणाला.

जमालुद्दीनने खिशातून दगड काढला. फोड आलेल्या बोटांनी मणी धरवत नव्हता, तरी दगडावर तो टेकताच हात स्थिर झाला. रेघ उमटली. त्याने दगड उन्हाकडे तिरपा केला. बाटलीतून तेजाबाचा थेंब सोडला. रेघ फिकी झाली, कडेने विरत गेली. जमालुद्दीन ते बघण्यात इतका गढला की आपण कुठे आहोत, कुणासमोर आहोत, हे विसरला. तो दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसं बोलून गेला.

"चांदी आहे यात, चांगलीच. मातीतलं असंच निघतं, धरती काही गाळून देत नाही. तुझ्या बापाच्या पाटलीचा कस याच्या कितीतरी वर होता."

मग त्याने जीभ चावली.

वादीत वारा नव्हता. टबात पन्हळीचं उरलेलं पाणी ठिबकत होतं.

"किती वर?" कादिरने विचारलं.

जमालुद्दीन तेजाबाच्या बाटलीला बूच लावू लागला.

"किती वर?"

"चोख होतं," तो दगडाकडे बघत म्हणाला. "तेजाब टाकला तर रेघ हललीसुद्धा नाही. माझ्या दुकानात तसा माल नव्हता." आणि मग, कुणी न विचारता, घाईघाईने, त्याने बाकीचं सांगून टाकलं. बोटमालकाचं स्थळ मंगनीच्या आदल्या दिवशी आलं होतं. घरच्यांना ते हवं होतं. मोडायला कारण पाहिजे होतं, आणि झारेकऱ्याच्या घरात दुसरं कारण शोधायला कशाला जायचं?

कादिरला वाटलं होतं, हे ऐकलं की छाती हलकी होईल. ती पेटली. जे धरतीत शोधायला तो देश सोडून आला ते साबिराच्या मनगटावर होतं. धरतीजवळ त्या तोडीचं नव्हतंच. आणि इतकी वर्षं मेलेल्या बापावर त्याने आतल्या आत संशय घेतला होता. बापावरच्या विश्वासाची ती चोरीही याच माणसाने केली होती, आणि तिचा माल परत मिळणार नव्हता.

त्याने फावडं उचललं. जमालुद्दीनने दोन्ही हात डोक्यावर धरले. कादिर फावडं टबावर आडवं ठेवून गाडीकडे गेला आणि पुढच्या खणातून टेपरेकॉर्डर घेऊन आला.

त्या काळी सौदीतले लोक घरी पत्राऐवजी कॅसेट पाठवत. बोलायचं, भरायची, आणि रजेवर जाणाऱ्याच्या हाती द्यायची. पत्र एकजण वाचतो, कॅसेट अख्खी आळी बसून ऐकते. कादिर साबिराशी गाडीत बसून बोलायचा, कारण खोलीत सहाजण असत. आत तिच्यासाठी अर्धी भरलेली कॅसेट होती. त्याने ती पुढे नेऊन बटण दाबलं आणि टेप जमालुद्दीनच्या तोंडासमोर धरला.

जमालुद्दीन पुटपुटला.

कादिरने कॅसेट मागे घेतली. "मांडवात एवढं हळू नव्हतं. भरून बोल."

दुसऱ्या वेळी त्याने हुसेनमियाँचं नाव गाळलं. तिसऱ्या वेळी 'चूक झाली असेल' म्हणाला. कादिरने प्रत्येक वेळी कॅसेट मागे घेतली, न ओरडता, अर्धं फावडं परत खड्ड्यात लोटावं तशी. अखेर ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा त्या कॅसेटवर एक दमलेला, पण स्वच्छ आवाज होता. "मी जमालुद्दीन, शारीकचा थोरला भाऊ. हुसेनमियाँच्या पाटल्यांचं सोनं चोख होतं. मला तेव्हाच दिसलं होतं. मी मांडवात खोटं बोललो. धूळ आमच्या घरात होती."

शेवटचं वाक्य कादिरने सांगितलेलं होतं.

सामान भरताना कादिरने तो बाजरीएवढा मणी उचलला आणि जमालुद्दीनच्या फोड आलेल्या तळहातावर ठेवला. "दिवसभर राबलास. झारेकऱ्यांकडे मजुरी त्याच दिवशी देतात." जमालुद्दीन तो घेईना. कादिरने त्याची मूठ मिटवली आणि तो खिशात घालेपर्यंत गाडी सुरू केली नाही. नाका ओलांडून त्याला जिद्दाच्या रस्त्याला सोडलं. उतरताना जमालुद्दीन काही म्हणाला. कादिरने काच वर केली.

लढाई संपली तशी प्रवासी विमानं सुरळीत झाली आणि प्रसाद रजेवर निघाला. हायबँकरची खरी गोष्ट कळल्यावर तो इतका हसला होता की दवाखान्यात रुग्ण घाबरले. पण कॅसेट हातात घेताना हसला नाही. सांगलीहून वाट वाकडी करून तो राजापूरला गेला आणि साबिराच्या हातात ती देऊन आला.

रमजानच्या अखेरीला साबिराची उलट कॅसेट आली. कादिर गाडीत बसला आणि त्याने ती लावली. आधी बराच वेळ नुसती खरखर होती. मग तिचा आवाज आला, सावकाश, जसा ती लहान मुलींना कुराण शिकवताना काढत असे तसा.

"भाई, ऐकलं. सोनं पाठवू नकोस, आता मला नको. पण आपला टेप लहान आहे. आवाज शेजारी इस्मतखालाच्या पडवीपर्यंत जातो. शारीकच्या दारापर्यंत पोचत नाही. तेवढं बघ."

कादिरने बघितलं. पाटल्यांच्या घडणावळीसाठी इतक्या वर्षांच्या पगारातून त्याने जे बाजूला ठेवलं होतं ते सगळं काढलं आणि जिद्दाला गेला. तिथे दुकानदाराने छोटी, सुबक यंत्रं पुढे मांडली. आवाज गोड आहे, म्हणाला. कादिरला गोड नको होता. त्याने दुकानाच्या दाराबाहेर रस्त्यापलीकडे उभं राहून एकेक लावायला सांगितलं, आणि पलीकडे ज्याचा शब्दन् शब्द पोचला तो घेतला: दोन मोठ्या पेट्यांचा टेप, वेगळा ॲम्प्लिफायर, आणि सभेला लावतात तसला एक भोंगा. ते बकरी ईदच्या आधी राजापूरला उतरलं. साबिराने भोंगा पडवीच्या खांबाला बांधून घेतला, तोंड शारीकच्या घराकडे करून, आणि जुम्म्याचा नमाज सुटून माणसं रस्त्यावर यायला लागली तेव्हा बटण दाबलं.